मेंदूच्या प्रयोगशाळेत गणितवाले कसे आले

सिस्टिम्स आणि कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूतल्या पेशींचे समूह काय करतात याचा प्रयोगाने आणि गणिताने घेतलेला शोध. त्यातल्या पीएचडीच्या किंवा पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाच्या) जाहिराती चाळल्या की एक ओळ हमखास दिसते: भौतिकशास्त्र, गणित, अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, जीवशास्त्र, मानसशास्त्र, यांपैकी कुठलीही पदवी चालेल. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली मुलं विचारतात, दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, मग ही ओळ खरी मानायची का? माझं उत्तर नेहमी एकच असतं: बिनधास्त माना. ती ओळ गरजेपोटी लिहिलेली आहे आणि ती गरज शंभर वर्षांहून जुनी आहे. या क्षेत्राला प्रत्येक काळात काही ना काही कमी पडत आलं आणि जे कमी पडलं ते पुरवणाऱ्यांसाठी दार उघडत गेलं. आजच्या संधी कळायच्या असतील तर आधी तो हिशेब पाहायला हवा.

सुरुवातीला तर पेशी दिसण्याचीच मारामार होती. १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जीने चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवायची युक्ती शोधली. स्पेनच्या रामोन इ काहालने तीच युक्ती वापरून मेंदू सुट्या सुट्या पेशींचा बनलेला असतो हे दाखवलं. दोघांना १९०६ चं नोबेल विभागून मिळालं आणि गोल्जीने त्या व्यासपीठावरूनही काहालचं म्हणणं नाकारलं. दुसऱ्याच वर्षी पॅरिसमध्ये लुई लापिकने बेडकाच्या मज्जातंतूला विजेचे झटके देऊन एक साधं समीकरण मांडलं. पेशी म्हणजे जणू खालून झिरपणारा रांजण. वरून भार येत राहतो, थोडा झिरपून जातो, आणि पाणी काठाला पोचलं की पेशी स्पंद, म्हणजे विजेचा एक क्षणिक ठोका, सोडते. हा रांजण लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

पण पेशीच्या आत नेमकं काय घडतं हे मोजायचं कसं? सस्तन प्राण्यांचे तंतू केसाहूनही बारीक, त्यांत तार घालणार कुठून? १९३६ मध्ये जे. झेड. यंग यांनी दाखवून दिलं की माकुळाच्या अंगात अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा एक तंतू असतो. कोकणच्या बाजारात मिळतं त्याच जातकुळीचं हे माकूळ. धोका दिसताच अंग आकसून पाणी मागे फेकतं आणि सटकतं. त्या पळण्यासाठी लागणारा हा तंतू विज्ञानाला घबाड मिळावं तसा मिळाला. १९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्यात लांबीच्या दिशेने इलेक्ट्रोड सरकवला आणि हा स्पंद पहिल्यांदा आतून मोजला. काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं आणि दोघेही युद्धकामाला लागले. मूळ प्रश्नाकडे परत यायला सात-आठ वर्षं गेली.

परत आले तेव्हा हाताशी नवं तंत्र होतं. पेशीपटलावरचा विद्युतदाब हव्या त्या पातळीवर धरून ठेवायचा आणि किती प्रवाह वाहतो ते मोजायचं. प्रयोग झाले, आकडे आले. ते आकडे खरोखरच स्पंद घडवतात का, हे तपासायला समीकरणं सोडवणं भाग होतं. केंब्रिजचा संगणक नेमका दुरुस्ती-बदलांसाठी सहा महिने बंद. मग हक्सलीने ब्रुन्सविगा नावाचं हाताने फिरवायचं गणनयंत्र पुढ्यात घेतलं. आकडा लावायचा, हँडल फिरवायचं, उत्तर कागदावर उतरवायचं, आणि काळाच्या पुढच्या सूक्ष्म तुकड्यासाठी पुन्हा तेच. तंतूवरून धावणाऱ्या एका स्पंदासाठी हे सुमारे तीन आठवडे चाललं. एक हजारांश सेकंदाच्या घटनेसाठी तीन आठवडे! हाती आलेला वेग होता सेकंदाला १८.८ मीटर. खऱ्या तंतूत मोजलेला होता २१.२.

१९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. पोटॅशियमच्या प्रवाहासाठी त्यांनी एका राशीचा चौथा घात घेतला. पाचवा किंवा सहावा घेतला असता तर आलेख आणखी चांगला जुळला असता. पण तेवढ्या सुधारणेसाठी वाढीव गुंतागुंत परवडणारी नव्हती आणि हे त्यांनी तिथेच लिहून ठेवलंय. मॉडेल कुठे थांबवायचं हा निर्णय या क्षेत्रात आजही रोज घ्यावा लागतो, आणि तो असाच, उघडपणे, घ्यायचा असतो. पेशीपटलातून प्रवाह सोडणाऱ्या-अडवणाऱ्या ज्या ‘फाटकां’ची कल्पना त्यांनी केली ती कुणी पाहिलेली नव्हती. अशी फाटकं असलेल्या एकेका वाहिनीचा प्रवाह नेहर आणि साकमन यांनी १९७६ मध्ये मोजला, आणि पोटॅशियम वाहिनीची रचना मॅकिननने १९९८ मध्ये दाखवली. समीकरण आधी आलं, वस्तू मागाहून दिसली.

पन्नासच्या दशकातच मेंदूतल्या एकेका पेशीचं ऐकणंही सुरू झालं. ‘ऐकणं’ शब्दशः, कारण इलेक्ट्रोड लाउडस्पीकरला जोडलेला असायचा. १९५८ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ह्यूबेल आणि वीझल मांजरीच्या दृष्टिकेंद्रातल्या एका पेशीला काचपट्टीवरचे ठिपके दाखवत होते. तासन्‌तास पेशी दाद देईना. मग पट्टी यंत्रात सरकवताना एकदम तडतड सुरू झाली. ठिपक्याचा काही संबंध नव्हता, पेशी काचेच्या कडेच्या पुसट सावलीला दाद देत होती. विशिष्ट कोनातली रेघ हवी होती तिला. पेशींचा समूह जगातलं काय टिपतो हा सिस्टिम्स न्यूरोसायन्सचा मूळ प्रश्न, आणि त्याची पद्धत इथे घट्ट झाली.

आता कमी पडू लागला तो सिद्धांत. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या डेव्हिड मारने १९६९ मध्ये अनुमस्तिष्काचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूचा, सिद्धांत मांडला: एक तंतू शिकवतो, बाकीच्यांच्या जोडण्या त्याप्रमाणे बदलतात. जोडणी बळकट होते असं मारचं म्हणणं. १९७१ मध्ये जेम्स ॲल्बस म्हणाला, कमकुवत होते. १९८२ मध्ये जपानच्या मासाओ इतो यांनी प्रयोगाने दाखवलं की ती कमकुवत होते. मारची दिशा चुकली होती, तरी प्रयोग कुठे करायचा हे त्याच्याच सिद्धांताने सांगितलं होतं. निकाल पाहायला मार नव्हता. रक्ताच्या कर्करोगाने १९८० मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला.

१९८२ मध्येच जॉन हॉपफील्डने आठवणीचं गणित चुंबकांच्या गणिताशी जोडलं आणि भौतिकशास्त्रज्ञांची रीघ लागली. पेशींच्या जाळ्यात किती आठवणी मावतील? पेशींच्या संख्येच्या साधारण ०.१४ पट, हे उत्तर आमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की यांनी भौतिकशास्त्राच्याच हत्यारांनी काढलं. हॉपफील्डला त्या कामाबद्दल २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, जेफ्री हिंटनबरोबर. ‘कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स’ हे नाव मात्र १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात एरिक श्वार्ट्झ यांनी भरवलेल्या परिषदेतून रूढ झालं. १९८८ पासून अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत उन्हाळी अभ्यासक्रम सुरू झाला. दिवसा व्याख्यानं, रात्री संगणकावर मॉडेल. पुढच्या पिढीतले कितीतरी प्राध्यापक त्या आणि तशा वर्गांतून घडले.

आपल्याकडची गोष्ट कुलाब्याला सुरू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६२ मध्ये ओबेद सिद्दीकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला, भौतिकशास्त्र आणि गणिताच्या शेजारी. सत्तरच्या दशकात अमेरिकेचे जीवशास्त्रज्ञ सिमोर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी अशा फळमाश्यांवर काम केलं, ज्या तापमान वाढवलं की लुळ्या पडतात आणि गार केलं की उठून चालू लागतात. पुढे मुंबईत मूळच्या गोव्याच्या, केनियात वाढलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे पीएचडीला आल्या. दोघांनी वास आणि चव नीट न कळणाऱ्या माश्या निवडून काढल्या आणि त्यांच्यातला जनुकीय दोष शोधला. माशीला साखर कशी कळते, हा प्रश्न मुंबईतून जगाच्या नकाशावर गेला. याच परंपरेतून नव्वदच्या दशकात बंगळूरूला एनसीबीएस ही जीवशास्त्राची संस्था उभी राहिली. तिथे आलेले उपिंदर भल्ला हे कॅलिफोर्नियात ‘जेनेसिस’ या न्यूरॉनची (मेंदूपेशींची) मॉडेलं बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम केलेले. भारतात या विषयाचा पाया रचणाऱ्यांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं.

नंतरच्या वीस वर्षांत गाडीने उलटं वळण घेतलं, डेटा उदंड झाला. २००५ मध्ये प्रकाशाने न्यूरॉन चालू-बंद करण्याचं तंत्र आलं. २०१७ मध्ये ‘न्यूरोपिक्सेल्स’ ही सिलिकॉनची सुई आली. दहा मिलिमीटर लांबीच्या त्या सुईवर ९६० संवेदक, त्यांतल्या ३८४ वरून एकाच वेळी नोंद. सेकंदाला तीस हजार नमुने धरले तर एका सुईतून तासाला ऐंशी जीबीच्या आसपास माहिती येते. ह्यूबेल-वीझलच्या लाउडस्पीकरवर एक पेशी तडतडायची. आता शेकडो एकदम तडतडतात आणि कुठला स्पंद कुणाचा हे अल्गोरिदमने वेगळं करावं लागतं. हे काम नुसतं जीवशास्त्र शिकलेल्याला जड जातं आणि नुसतं प्रोग्रॅमिंग शिकलेला त्यात सहज फसतो, कारण तुटक्या वायरीचा गोंगाटही त्याला पेशी वाटतो. २०२५ मध्ये बारा प्रयोगशाळांनी मिळून १३९ उंदरांच्या सहा लाखांवर न्यूरॉनची नोंद प्रसिद्ध केली. सगळे उंदीर एकच काम करत होते, पुढच्या पायांनी एक चाक फिरवायचं. ही नोंद सर्वांना खुली आहे. साताऱ्यात बसलेल्या मुलीला लॅपटॉपवर तीच फाइल उघडता येते जी लंडनच्या पोस्टडॉकला येते. माझ्या मते या क्षेत्रात गेल्या दहा वर्षांत घडलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत ‘न्यूरोमॅच’ची ऑनलाइन उन्हाळी शाळा सुरू झाली आणि वुड्स होलला जाण्याचा खर्च न परवडणाऱ्यांसाठी वर्गही घरी आला.

संधींकडे पाहताना हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुहिता नाडकर्णी आणि कॉलिन्स असिसी यांचे गट मॉडेलिंग करतात. त्याच आवारात झेब्रा फिंच पक्ष्यांच्या गाण्यावर आणि उंदरांच्या घ्राणशक्तीवर प्रयोगही चालतात. बंगळूरूला आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) आणि एनसीबीएस, मुंबईला टीआयएफआर, मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. पीएचडी करणाऱ्या ज्युनियर फेलोला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, सीनियरला ४२,०००, घरभाडं वेगळं. पुण्या-मुंबईत ओढाताण होते, पण भागतं. बाहेर लंडनचं गॅट्सबी युनिट, जर्मनीतली बर्नस्टाइन केंद्रं, अमेरिकेत ॲलन इन्स्टिट्यूट आणि जनेलिया. मेंदूला यंत्र जोडणाऱ्या कंपन्याही माणसं घेतात, आणि स्पंद वेगळे करायला शिकलेल्याला डेटा सायन्सचं दार बंद नसतं.

पण अमेरिकेवर सगळी भिस्त ठेवू नका, हे स्पष्ट सांगायला हवं. २०१३ मध्ये ओबामांनी जाहीर केलेल्या ब्रेन इनिशिएटिव्ह या मेंदू-संशोधनाच्या सरकारी योजनेला २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर मिळाले, २०२४ मध्ये सुमारे ४० कोटी, २०२५ मध्ये ३२ कोटी. पोस्टडॉकच्या जागा अशाच पैशातून निघतात. युरोपचा ह्यूमन ब्रेन प्रोजेक्टही दहा वर्षांनी २०२३ मध्ये संपला. संपूर्ण मेंदू संगणकात उभा करण्याचं जे स्वप्न सुरुवातीला दाखवलं गेलं होतं, त्याविरुद्ध २०१४ मध्येच शेकडो शास्त्रज्ञांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या होत्या. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉकची तीन-चार, आणि त्यानंतरही प्राध्यापकीच्या जागा मोजक्या. हे घरच्यांशी आधीच बोलून घ्यावं.

आज कमी काय पडतंय? नकाशे आहेत, नोंदी आहेत, त्यांचा अर्थ लावणारा सिद्धांत तोकडा पडतोय. सी. एलिगन्स या जंताच्या ३०२ न्यूरॉनची जोडणी १९८६ पासून ठाऊक आहे, तरी तो पुढच्या क्षणी कुठे वळेल हे त्या जोडणीवरून अजून सांगता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा आला: सुमारे १ लाख ३९ हजार न्यूरॉन, पाच कोटींवर जोडण्या. त्याच नकाशावर एका गटाने प्रत्येक न्यूरॉनच्या जागी जवळजवळ लापिकचाच झिरपणारा रांजण बसवला आणि साखर ओळखणाऱ्या पेशी चालू केल्या. सोंड बाहेर काढणारे न्यूरॉन जागे झाले. वाटेत कुठल्या पेशी लागतील याचे त्या मॉडेलचे बरेच अंदाज खऱ्या माशीत तपासल्यावर बरोबर निघाले. कुलाब्यात जो प्रश्न माशी निवडून, जनुक शोधून विचारला जात होता, तो आता समीकरणातूनही विचारता येतो. मात्र भूक त्या मॉडेलमध्ये कुठेच नाही. उपाशी माशी आणि पोट भरलेली माशी, दोघी त्याला सारख्याच.