तालीम (रंगभूमी)

नाटकाचा प्रयोग लोकांपुढे जाण्याआधी नट, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ मिळून जो सराव करतात त्याला तालीम म्हणतात. शब्द मूळ अरबी, अर्थ शिकवण. सांगली-सातारा भागात तालीम म्हटले की आधी लाल माती आणि लंगोटच आठवतो. हिंदकेसरी मारुती माने यांचे कवठेपिरान सांगलीपासून फार लांब नाही. नाटकाच्या तालमीलाही वस्ताद लागतो, एकच डाव पुन्हापुन्हा घोटावा लागतो आणि अंग दुखते, म्हणून दोघींना एकच नाव शोभून दिसते.

मराठी रंगभूमीची सुरुवात सांगलीतच झाली असे मानतात. संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या नाटकात नटांना पाठ करायला संवाद नव्हते. सूत्रधार पदे गायचा, पात्रे त्याला धरून हावभाव करायची आणि पद संपले की प्रसंगाला साजेल ते आपल्या मनाने बोलायची. राक्षसपार्टीच्या आरोळ्यांवरून पुढे अशा खेळांना ‘अललडुर्र’ नाटके म्हणू लागले. ही थट्टा अर्धीच खरी आहे. लिहिलेले वाक्य हाताशी नसताना प्रसंग तोलून धरायचा तर नटाला समोरच्याचे नीट ऐकावेच लागते, आणि आज उत्स्फूर्त अभिनयाच्या वर्गात शिकवतात ते हेच.

लिखित नाटक आले तशी तालीम बदलली. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल नाटककार होतेच, पण जाणकारांत त्यांचा दबदबा होता तो तालीममास्तर म्हणून. त्यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे. त्यातली माणसे देव-राक्षस नव्हेत, ओळखीच्या ओसरीवरची आहेत. तिथे आरोळी चालत नाही. रशियात नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांनी मॉस्को आर्ट थिएटर सुरू केले ते १८९८ साली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी नटाने खऱ्या माणसासारखे वागावे कसे हा प्रश्न दोन्हीकडे एकाच सुमारास पडावा, हे नोंदण्याजोगे आहे.

मराठीत नाटक ‘बसवतात’, मग ते ‘उभे राहते’ आणि नशीब फिरले तर ‘पडते’. बसवण्याची सुरुवात खरोखर बसूनच होते. वाचनाच्या तालमीत अर्थ, विराम आणि श्वास कुठे घ्यायचा हे ठरते. नवख्या नटाचा हमखास दोष म्हणजे वाक्याची शेपटी गिळणे: मराठीत क्रियापद शेवटी येते, तेच ऐकू गेले नाही तर मागच्या रांगेला वाक्यच कळत नाही. जत-तासगावकडच्या मुलांना उच्चारांवरूनही बोलणी बसतात. प्रमाण उच्चार यायलाच हवेत. पण ‘काय करायलाय?’ म्हणणारी जीभ पार घासून टाकली, तर गावाकडचे पात्र करताना तीच उसनी आणावी लागते.

पाठांतर झाले की हालचाली. शाळेच्या रिकाम्या वर्गात खडूने दार आखतात, दोन बाकांचा सोफा होतो. उजवी-डावी बाजू नटाच्या धरायच्या, प्रेक्षकांच्या नव्हे. हालचाल का करायची, हे एका कपावरून समजते. ‘मी जाणार नाही,’ एवढेच वाक्य आहे आणि हातात चहाचा कप. कप खाली ठेवून वाक्य म्हटले तर निर्णय आधीच झालेला दिसतो. वाक्य म्हणून मग कप ठेवला तर शब्दांवर शिक्का बसतो. म्हणता म्हणता ठेवला आणि बशी वाजली, तर माणूस आतून डळमळलेला आहे. शब्द तेच, पात्रे तीन. विद्यार्थ्याने हा कप आठवडाभर तरी हाताळावा.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आहार्य म्हणजे वेष, रंगभूषा आणि इतर बाह्य साज. सात्त्विकात स्तंभ (जागीच थिजणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (भान हरपणे) असे आठ भाव येतात. घाम किंवा रोमांच हुकमाने आणता येत नाही, म्हणून सात्त्विक सर्वांत अवघड. तालमीत अश्रूंच्या मागे लागणारा नट बहुधा रडका चेहराच तेवढा करतो. समोरच्या पात्राकडून काय हवे आहे त्याच्या मागे लागला, तर डोळे कधीतरी आपोआप भरतात.

शेवटी रंगीत तालीम: कपडे, प्रकाश, संगीत, नेपथ्य सगळे खऱ्यासारखे. खडूच्या दाराला इथे चौकट येते आणि नऊवारीचा काष्टा तिच्यात अडकतो. प्रकाश कुठे पडतो ते नटाने डोळ्यांनी शोधायचे नसते, चेहऱ्यावरच्या उबेने ओळखायचे असते. चालत्या नाटकात एखादा नट बदलला की तालमी पुन्हा लागतात. शंभर प्रयोग केलेल्या जुन्या मंडळींनाही मग खडूच्या रेघेपाशी येऊन उभे राहावे लागते, कारण नवा माणूस कप वेगळ्या शब्दावर ठेवतो.