माठ पाणी गाळत नाही

एप्रिल लागला की नागपुरात रस्त्याकडेला माठांच्या राशी लागतात आणि मोबाइलवर माठाचे गुण सांगणारे संदेश फिरू लागतात. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी गाळलं जातं, जंतू मरतात, पाणी अल्कलाइन होऊन आजार पळतात, वगैरे. यातलं पहिलंच विधान तपासा. माठाच्या भिंतीतून जे पाणी पार होतं ते बाहेर येऊन उडून जातं. आपण पितो ते आत उरलेलं, म्हणजे भिंतीतून कधीच न गेलेलं पाणी. मग गाळलं काय गेलं? पाणी दूषित असेल तर माठात ते दूषितच राहतं, फक्त गार होतं.

गार मात्र झकास होतं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. बाहेरून उष्णता आत येत नाही असं धरलं, तर १० लिटर पाणी १० अंशांनी उतरवायला पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी उडालं की पुरे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ वर आणि हवेची आर्द्रता १५-२० टक्के असते, तेव्हा माठ जास्तीत जास्त २३ ते २५ अंशांपर्यंत उतरू शकतो. मुंबईच्या दमट हवेत हाच माठ निम्मंही काम करत नाही, आणि पाऊस सुरू झाला की आपल्याकडेही त्याची जादू ओसरते.

पण मला खरं सांगायचंय ते त्या छिद्रांबद्दल. कुंभार मातीत राख, भुसा किंवा लीद मिसळतो. भट्टीत जळणारं जळून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते. भट्टी फार तापली तर मातीचा काही भाग वितळून काचेसारखा होतो, छिद्रं बुजतात आणि माठ पाणी गार करेनासा होतो. म्हणजे सगळा खेळ पोकळीचा. आणि पोकळी किती आहे यापेक्षा ती केवढ्या आकाराच्या छिद्रांत वाटली आहे आणि ती छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का, यावर सगळं ठरतं.

थोडं गणित करू. बारीक नळीत पाणी पृष्ठताणामुळे ओढलं जातं, आणि ही ओढ नळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या त्रिज्येच्या छिद्रात ती वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १.४ पट भरते. त्रिज्या निम्मी केली की ओढ दुप्पट. पण दाब तोच ठेवला तर नळीतून वाहणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं, म्हणून त्रिज्या निम्मी होताच प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. आता एका मोठ्या छिद्राच्या जागी निम्म्या त्रिज्येची चार छिद्रं घ्या. क्षेत्रफळ तेवढंच, पोकळी तेवढीच, प्रवाह मात्र चौथाई! एकूण पोकळीची टक्केवारी सांगून सच्छिद्र सिरॅमिकबद्दल, म्हणजे माठासारख्या भाजून घट्ट केलेल्या पदार्थाबद्दल, जवळपास काहीच कळत नाही, ते यामुळेच.

खरोखर पाणी गाळणारं सिरॅमिकही आपल्या घरांत होतं. स्टीलच्या फिल्टरमधल्या त्या पांढऱ्या कॅन्डल आठवा. तिथे पाणी भिंतीतून जातं आणि आपण पलीकडचं पितो. १८८४ मध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी चकाकी न दिलेल्या पोर्सेलिनची अशी नळी केली. तिच्यातून जीवाणू पार होत नसत. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस तिच्यातून गाळला, तर गाळलेला रसही निरोगी रोपांना रोग देत होता! १८९८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी हे जीवाणूंपेक्षा वेगळंच काहीतरी आहे असं ठामपणे मांडलं. विषाणूंची पहिली चाहूल लागली ती भाजलेल्या मातीच्या छिद्रांमुळे.

हाडाच्या जागी भरायच्या सिरॅमिकला लागणारी छिद्रं याच्या कैक पट मोठी. अपघातात किंवा गाठ काढल्यावर हाडात पोकळी राहिली, तर रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून ती भरतात. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. म्हणून हायड्रॉक्सिॲपेटाइट हे कॅल्शियम फॉस्फेटचं सिरॅमिक वापरतात, कारण हाडातलं खनिज त्याच जातीचं असतं. त्यातली छिद्रं किमान १०० मायक्रॉनची हवीत, ३०० असतील तर उत्तम. हाड तयार करणारी पेशी तर जेमतेम २०-३० मायक्रॉनची, मग एवढी जागा कशाला? कारण एकटी पेशी आत जाऊन भागत नाही, तिच्यामागून रक्तवाहिनी यावी लागते, नाहीतर आतल्या पेशी उपाशी मरतात. आणि छिद्रं एकमेकांना जोडणाऱ्या वाटाही पुरेशा रुंद लागतात. बंद खोल्या कितीही मोठ्या असल्या तरी निरुपयोगी.

अशी रचना समुद्रात आयती मिळते. पोराइटिस जातीच्या प्रवाळात सुमारे २०० मायक्रॉनची एकमेकांना जोडलेली छिद्रं असतात. १९७४ मध्ये रॉय आणि लिनहान यांनी दाबाखाली, गरम पाण्यात फॉस्फेट देऊन प्रवाळाच्या कॅल्शियम कार्बोनेटचं हायड्रॉक्सिॲपेटाइट केलं, आणि आतली रचना जशीच्या तशी राहिली. यावरून कोणी मंगळासाठी अंगठीत घातलेल्या पोवळ्याचा हाडांशी संबंध जोडू नये. ते लाल पोवळं वेगळ्या जातीचं, घट्ट असतं, आणि बोटावर बसून ते हाडाला काहीही देत नाही.

कारखान्यांत हीच कला वेगळ्या मापात दिसते. स्पंज सिरॅमिकच्या पातळ लगद्यात बुडवून भाजला की स्पंज जळून जातो आणि जाळी उरते. वितळलेल्या ॲल्युमिनियममधला कचरा अशा जाळीतून गाळतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर सिरॅमिकचं सच्छिद्र पोळं आलं. त्याच्या भिंतीतली छिद्रं काजळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात, तरी काजळी अडकते, कारण इतके बारीक कण सरळ न जाता भरकटत भिंतीला चिकटतात.

या सगळ्याची किंमत मजबुतीत मोजावी लागते. निम्मी जागा पोकळ केली तर ताकद निम्मी उरत नाही, ती दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याखालीही घसरते. म्हणून मांडीच्या हाडात हायड्रॉक्सिॲपेटाइट एकटं घालत नाहीत, नवं हाड धरेपर्यंत भार धातूची पट्टी आणि स्क्रू पेलतात. आपलं हाड हा प्रश्न बाहेर घट्ट आणि आत जाळीदार राहून सोडवतं. थ्रीडी प्रिंटिंगने तशीच रचना थरावर थर चढवून करून पाहणं आता सुरू आहे.