एआरटी (एचआयव्हीवरील औषधे) घेणाऱ्यांसाठी हिपॅटायटिस बी व सीची मोफत तपासणी आणि उपचार : पात्रता, कागदपत्रे, नोंदणी

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला असून त्याअंतर्गत हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. एचआयव्ही असताना यकृताची हानी अधिक वेगाने होते आणि बराच काळ काहीच जाणवत नाही, म्हणून लक्षणांची वाट पाहू नये.

सुरुवात आपल्या एआरटी केंद्रातील डॉक्टरांपासून करावी. एचसीव्ही (हिपॅटायटिस सीचा विषाणू) अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी सध्या संसर्ग आहेच असे नाही. रक्तात विषाणू आहे की नाही हे आरएनए चाचणीत कळते आणि उपचारांची पात्रता त्यावरच ठरते. हिपॅटायटिस बीचा संसर्ग नसेल आणि प्रतिकारशक्तीही नसेल, तर लसीबद्दल जरूर विचारावे.

उपचार केंद्रात नोंदणीला जाताना ओळखपत्र, एआरटी केंद्राची चिठ्ठी, आधीचे रक्ताचे व सोनोग्राफीचे अहवाल आणि सध्याच्या सर्व गोळ्यांची नोंद असलेली एआरटी पुस्तिका सोबत ठेवावी. माझ्या मते यांतली पुस्तिका सर्वांत महत्त्वाची आहे. हिपॅटायटिस सीवरील डॅक्लाटासव्हिरची मात्रा एफाविरेन्झ हे एचआयव्हीवरील औषध चालू असल्यास वाढवावी लागते, तर सीवरीलच वेल्पाटासव्हिर एफाविरेन्झसोबत देत नाहीत. त्यामुळे एचआयव्हीची माहिती लपवली, तर उपचारच फसू शकतो. ही माहिती खिडकीवर सांगण्याची गरज नाही, डॉक्टरांना एकांतात सांगावी. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार ती गोपनीय ठेवणे केंद्रावर बंधनकारक आहे.

हिपॅटायटिस बी असलेल्यांना बहुधा वेगळे औषध लागत नाही, कारण एआरटीतील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या दोन्ही विषाणूंवर काम करतात. मात्र याच कारणामुळे त्या गोळ्या स्वतःहून कधीही थांबवू नयेत. तसे केल्यास यकृताचा दाह एकाएकी उसळून जिवावर बेतू शकते. हिपॅटायटिस सीचे औषध सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी झाली आहे ना, हेही विचारून घ्यावे.

सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कठीण होणे) नसल्यास सीचा उपचार साधारण १२ आठवडे चालतो. औषध संपल्यानंतर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी करावी लागते आणि ती निगेटिव्ह आली, तरच बरे झाल्याची नोंद होते. सिरॉसिस झालेल्यांनी त्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी.