पन्नास माणसांचं सोशल नेटवर्क: थोडी पार्श्वभूमी

३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ऑर्कुट बंद केलं. आपल्यातल्या एका पिढीचं इंटरनेटवरचं पहिलं बिऱ्हाड तिथे होतं. कॉलेजच्या बॅचची कम्युनिटी, गावाच्या नावाची कम्युनिटी, वाढदिवसाला आलेले स्क्रॅप. पुढे याहू ग्रुप्सची तीच गत झाली. जुना मजकूर काढून टाकणार असल्याचं ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झालं आणि १५ डिसेंबर २०२० ला उरलीसुरली सेवाही थांबली. दोन्ही ठिकाणी माणसं होती, बोलणं होतं, पण जागा दुसऱ्याची होती. मालकाने खाली करायला सांगितली की बिऱ्हाड उचलायचं.

विकेंद्रित सोशल नेटवर्कचा, म्हणजे एका कंपनीच्या हातात न राहता अगदी पन्नास माणसांनीही स्वतःचं चालवावं अशा नेटवर्कचा, विषय या जागेच्या प्रश्नातून निघाला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतल्यावर त्याची चर्चा वाढली, पण मूळ बरंच जुनं आहे.

१९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट सुरू केलं. घरोघरी, हौशी माणसांच्या टेबलावर संगणक. दिवसभरात लोकांनी लिहिलेले निरोप त्यावर साठायचे आणि रात्री टेलिफोनचे दर उतरले की एक संगणक दुसऱ्याला फोन लावून ते पोचवायचा. रात्री अकरानंतर एसटीडी बूथवर रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. मध्यवर्ती कंपनी नव्हती, नियम ज्याच्या घरात संगणक त्याचे. ईमेलही याच घडणीचा. रेडिफमेलवरून जीमेलला पत्र जातं आणि त्यासाठी दोघांना एका कंपनीत खातं काढावं लागत नाही. सोशल मीडिया आला तेव्हा नेमकी हीच सोय सुटली. फेसबुकवरचं बोलणं फेसबुकवरच राहिलं.

ती परत आणायचे प्रयत्न लगेच सुरू झाले. २००८ मध्ये माँट्रियलच्या इव्हान प्रोड्रोमू यांनी आयडेंटिका काढलं. ट्विटरसारखंच, पण सॉफ्टवेअर खुलं, कुणीही आपल्या सर्व्हरवर, म्हणजे सेवा चालवणाऱ्या स्वतःच्या संगणकावर, बसवावं. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी फेसबुकला पर्याय म्हणून आखलेल्या डायस्पोरासाठी दहा हजार डॉलर मागितले आणि लोकांनी दोन लाखांवर दिले. अपेक्षांच्या मानाने ते वाढलं नाही, तरी लोकांना काय हवं होतं ते या आकड्यावरून कळलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगन रोख्को यांनी ट्विटरसारखंच, पण अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं मॅस्टोडॉन आणलं आणि २३ जानेवारी २०१८ ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ॲक्टिव्हिटीपब हे मानक, म्हणजे अशा सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायची सामायिक पद्धत, मंजूर केलं.

हे मानक चालतं कसं? प्रत्येक खात्याला येणाऱ्या आणि जाणाऱ्या मजकुराच्या दोन पेट्या असतात. तुम्ही दुसऱ्या सर्व्हरवरच्या कुणाला फॉलो केलंत की तिने लिहिलेलं तिचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरवरच्या पेटीत आणून टाकतो. म्हणून पत्त्यात ॲटचं चिन्ह दोनदा येतं: आधी माणसाचं नाव, मग घराचं, म्हणजे सर्व्हरचं. घरमालकाला, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याला, एखाद्या दुसऱ्या सर्व्हरशी व्यवहार नको असेल तर तो दार लावू शकतो. जुलै २०१९ मध्ये गॅब हे द्वेषपूर्ण मजकुरामुळे कुप्रसिद्ध झालेलं नेटवर्क मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी आपापलं दार लावलं. सॉफ्टवेअर खुलं असल्याने गॅबला ते वापरण्यापासून कुणी रोखू शकत नव्हतं, पण त्याचा शेजार पत्करायचीही सक्ती नव्हती.

त्याच वर्षी भारतातूनही लोंढा आला. ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं निलंबित केलं. त्यांच्या खात्यावर नाझी सलामी नाकारून हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या माणसाचं जुनं छायाचित्र होतं. निषेध म्हणून नोव्हेंबरमध्ये हजारो जणांनी मॅस्टोडॉन गाठलं. त्यातले बरेच परतले. माझ्या मते याचं कारण सरळ आहे: आपण तिथे दुसरं ट्विटर शोधायला गेलो. मोठ्या सर्व्हरवर अनोळखी गर्दीत उभे राहिलो आणि इथे कुणीच नाही म्हणून निघालो. स्वतःचं छोटं घर बांधायची जी मुभा होती, तिच्याकडे पाहिलंच नाही.

ती मुभा ज्यांनी मनापासून वापरली, त्यांत अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॅरियस काझेमी येतात. २०१८ मध्ये त्यांनी ओळखीच्या माणसांसाठी फ्रेंड कॅम्प हा सर्व्हर सुरू केला. माणसं साधारण पन्नास. त्यासाठी त्यांनी मॅस्टोडॉनमध्ये फेरफार करून होमटाउन हे सॉफ्टवेअर तयार केलं. त्यातला एक बदल मला फार मोलाचा वाटतो: एखादी पोस्ट फक्त घरातल्यांसाठी ठेवता येते, ती बाहेरच्या सर्व्हरांकडे जातच नाही. ओसरीवर बोलायचं वेगळं, माजघरात बोलायचं वेगळं, ही आपल्या रोजच्या जगण्यातली साधी समज फेसबुक-ट्विटरने पुसत आणली होती. २०१७ पासून चालणाऱ्या सोशल डॉट कूप या सर्व्हरने तर सहकाराची वाट धरली. सभासद वर्गणी भरतात, निर्णय मिळून घेतात. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला त्यातलं सुख आणि कटकट दोन्ही लगेच कळेल.

आणखी पुढे गेले डॉमिनिक टार. न्यूझीलंडमध्ये शिडाच्या बोटीवर राहताना त्यांनी स्कटलबट हे सोशल नेटवर्कचं सॉफ्टवेअर लिहिलं. जहाजावरच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला हा शब्द आहे आणि त्याच्याभोवती होणाऱ्या गप्पांनाही; आपल्याकडे पाणवठ्यावरच्या म्हणाव्यात तशा. त्यात सर्व्हरसुद्धा लागत नाही. दोन संगणक एका वायफायवर भेटले की एकमेकांकडचं नवीन काय ते घेतात.

या घरांचा भार मात्र थोड्या माणसांच्या खांद्यावर असतो. सर्व्हरचं भाडं, अपडेट, तक्रारी, मध्यरात्री बंद पडलेली यंत्रणा. त्याला कंटाळून चालकांनी सर्व्हर बंद केल्याची उदाहरणं आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीर डॉट एएफ या सर्व्हरचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अफगाणिस्तानच्या तालिबानी राजवटीने काढून घेतलं, कारण डोमेनचं शेवटचं टोक, एएफ, त्या देशाचं होतं. आपलं घर म्हटलं तरी पाटी दुसऱ्याची असू शकते.

मॅस्टोडॉनने २०१९ मध्ये सर्व्हरचालकांसाठी एक करारनामा केला, त्यातल्या काही अटी चालकांवरच्या या भाराशीच जोडलेल्या आहेत. रोज बॅकअप घ्यायचा, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकेल असा आणखी किमान एक माणूस ठेवायचा आणि बंद करायचा झाला तर तीन महिने आधी सांगायचं. तेवढ्या मुदतीत नव्या सर्व्हरवर खातं काढून आपले फॉलोअर सोबत नेता येतात. जुन्या पोस्ट अजूनही नव्या घरी जात नाहीत.