कॅल्शियम-४१ : वेगवर्धकाने मापन

कॅल्शियमच्या ४१ द्रव्यमानांकाच्या समस्थानिकाचे (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या प्रकाराचे) अणू वेगवर्धक द्रव्यमान वर्णपटमापनाने (एएमएस : आयनांना वेग देऊन वस्तुमानानुसार वेगळे करणे) एकेक करून मोजण्याची पद्धत. मुख्य उपयोग हाडांची झीज दीर्घकाळ तपासण्यासाठी.

निसर्गात हा समस्थानिक कॅल्शियम-४० ने मंद न्यूट्रॉन पकडल्यावर बनतो. त्याचे प्रमाण हजार लाख कोटी कॅल्शियम अणूंमागे एक ते वीसच्या आसपास आढळते. इलेक्ट्रॉन ग्रहणाने (अणुकेंद्राने स्वतःच्याच अणूतला इलेक्ट्रॉन पकडल्याने) त्याचे पोटॅशियम-४१ होते. त्या वेळी गॅमा किरण निघत नाहीत, सुमारे ३.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दुबळे क्ष-किरण तेवढे निघतात. म्हणून किरणोत्सर्ग मोजत बसण्यापेक्षा अणूच मोजणे सोयीचे.

अर्धायुष्याविषयी (निम्मे अणू क्षय पावायला लागणाऱ्या काळाविषयी) एकमत सावकाश झाले. जुन्या कोष्टकांत १.०३ लाख वर्षे आढळतात. १९९० च्या सुमाराची काही मापने १.०१ लाखांकडे झुकतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला ९९,४०० वर्षांचा आकडा (अनिश्चितता सुमारे १,५०० वर्षे) आता अधिक ग्राह्य वाटतो. काही वर्षे चालणाऱ्या मानवी अभ्यासात या फरकाने क्षयाचा हिशेब बदलत नाही. मात्र तुलनेसाठी वापरायच्या प्रमाण (स्टँडर्ड) द्रावणातील अणुसंख्या किरणोत्सारितेवरून काढली असेल, तर साडेतीन टक्क्यांची चूक थेट निकालात उतरते. द्रावण कोणते अर्धायुष्य धरून केले, हे विचारून घ्यावे.

जुन्या हाडांच्या कालमापनासाठी रेझबेक व यिऊ या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हा समस्थानिक सुचवला. पण आरंभीचे प्रमाण जागोजागी बदलत असल्याने ती वाट फारशी पुढे गेली नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन सांगाड्यांना तर ती लागूच पडत नाही : तीन हजार वर्षांत जेमतेम दोन टक्के क्षय होतो.

वैद्यकीय अभ्यासात साधारण १०० नॅनोक्युरी (३.७ किलोबेक्वेरेल), म्हणजे सुमारे १ मायक्रोग्रॅम कॅल्शियम-४१ एकदाच दिले जाते. शरीरातील सुमारे १ किलोग्रॅम कॅल्शियममध्ये ते मिसळले, की प्रमाण शंभर कोटींत एक इतके होते. पुढे लघवीतील कॅल्शियममध्ये हे प्रमाण वेळोवेळी मोजतात.

खरी अडचण पोटॅशियम-४१ ची. त्याचे वस्तुमान जवळजवळ तेवढेच, आणि नैसर्गिक पोटॅशियममध्ये त्याचा वाटा ६.७ टक्के. घाम, नळाचे पाणी, काचसामान, कुठूनही ते येते. लघवीत तर ते मुबलक असते. म्हणून आम्ल घातलेल्या लघवीतून काही मिलिग्रॅम कॅल्शियम पुरेल एवढा भाग घेतात, अमोनियाने आम्लता कमी करून अमोनियम ऑक्झॅलेटने साका पाडतात, तो धुतात, नायट्रिक आम्लात विरघळवून आयन-विनिमय स्तंभातून काढतात आणि शेवटी हायड्रोफ्लुओरिक आम्लाने कॅल्शियम फ्लुओराइड पाडतात. हे आम्ल काच खाते, म्हणून पॉलिप्रोपिलीनच्या नळ्या लागतात. त्वचेवर उडाल्यास लावण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी हवे. साक्याचा थोडा भाग वाया गेला तर बिघडत नाही, कारण मोजायचे ते गुणोत्तर. बाहेरचे कॅल्शियम मिसळले तर मात्र निकाल पातळ होतो.

वाळलेली भुकटी चांदीच्या वा नायोबियमच्या पुडीत मिसळून लहानशा धारकात दाबतात. सीझियमच्या माऱ्याने तिच्यातून तीन फ्लुओरीन अणू जोडलेला ऋण आयन निघतो. पोटॅशियमचा तसा आयन क्वचितच बनतो, आणि या पद्धतीची निम्मी किमया तीच. कॅल्शियम हायड्राइडही चालते, पण ते हवेतला ओलावा शोषून घेते. मोठ्या वेगवर्धकात उरलेले पोटॅशियम वायू-शोधकात ऊर्जाऱ्हासावरून वेगळे ओळखता येते. पाच लाख व्होल्टच्या लहान यंत्रात ते जमत नाही. तिथे पोटॅशियम-३९ मोजून त्याच्या सुमारे १४ व्या भागाएवढी वजावट करतात. अधिक प्रमाणाच्या नमुन्यानंतर लगेच कमी प्रमाणाचा लावल्यास आयन-स्रोतात मागचा अंश रेंगाळतो, म्हणून चढता क्रम ठेवावा आणि मध्ये कोरे (कॅल्शियम-४१ न घातलेले) नमुने घालावेत.

पुणे विद्यापीठातील मायक्रोट्रॉन हा वेगवर्धक इलेक्ट्रॉनांना वेग देतो, आयनांना नव्हे. म्हणून या कामी तो निरुपयोगी. पण रसायनाचा सगळा भाग पुण्यातल्या साध्या प्रयोगशाळेत होऊ शकतो, आणि फ्लुओराइडची भुकटी टिकाऊ असल्याने मापनासाठी बाहेर पाठवता येते.

मात्रेनंतरचे पहिले काही महिने मऊ ऊतींतील व नुकत्याच घेतलेल्या कॅल्शियमचा गोंधळ असतो. साधारण १०० ते १५० दिवसांनी लघवीतील कॅल्शियम-४१ प्रामुख्याने हाडांतून येते. त्यानंतर औषध सुरू करून प्रमाण घटले, तर झीज कमी झाली असे मानतात. इथे एक फसगत संभवते : अभ्यासाच्या मध्येच आहारात नाचणी किंवा कॅल्शियमच्या गोळ्या वाढल्या, तर झीज तशीच राहूनही केवळ मिसळीमुळे प्रमाण उतरते. तेव्हा आहाराची नोंद मापनाइतकीच काटेकोर हवी.