जलविमान, जलाशय आणि वाऱ्याचे झपाटे

उन्हाळ्याच्या शेवटी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात वादळ शिरले की घडांनी लगडलेल्या केळीबागा काही मिनिटांत आडव्या होतात. हे नुकसान सरासरी वाऱ्याने होत नाही, तर मध्येच उसळणाऱ्या झपाट्यांनी होते. कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ३० वर गेला, तर दाब दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. विमानाच्या पंखांना उचलणारे बलही याच नियमाने वाढते, आणि म्हणून लहान जलविमानाला एकसारख्या जोरदार वाऱ्यापेक्षा लहरी वारा अधिक घातक ठरतो.

३१ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरातमध्ये साबरमती ते केवडिया सी-प्लेन (जलविमान) सेवा सुरू झाली. केवडियाजवळच्या सरदार सरोवराचे पाणी नंदुरबारच्या सातपुड्यापर्यंत पसरलेले असल्याने हतनूर किंवा गिरणेच्या जलाशयावरही असे विमान उतरावे, असे आपल्याकडे कुणालाही वाटेल. तसे वाटण्यात गैर काही नाही, मात्र त्याआधी पाण्यावर विमानाचे काय होते हे समजून घ्यायला हवे.

चाकांऐवजी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ तराफे, लावलेल्या विमानाला पाण्यावर ब्रेक नसतात. शेपटीचा उभा पृष्ठभाग वारा धरतो आणि विमानाचे नाक आपोआप वाऱ्याकडे वळते. खरा धोका आहे तो पाठीवर वारा घेऊन चाललेले विमान वाऱ्याकडे वळवताना. शेपटी ढकलली गेल्याने वळण हवे त्यापेक्षा आवळते. अपकेंद्री बल विमानाला वळणाच्या बाहेर कलवते आणि आडवा वाराही त्याच बाजूला रेटतो. बाहेरचा फ्लोट पाण्यात दबतो, वाऱ्याकडचा पंख उचलला जातो, आणि नेमका त्याच वेळी झपाटा आला तर विमान उलटते. याउलट, वाऱ्यासमोरून पाठवाऱ्याकडे वळताना ही दोन बले एकमेकांविरुद्ध असतात. म्हणून जोराच्या वाऱ्यात जाणते वैमानिक वळण्याचा हट्ट धरत नाहीत. नाक वाऱ्याकडेच ठेवून, पाण्यातली सुकाणू वर उचलून, ते विमानाला मागे मागे वाहत किनाऱ्याकडे जाऊ देतात.

उतरताना संकट वेगळे असते. समोरचा झपाटा अचानक ओसरला की पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग घटतो आणि पाण्यापासून थोड्याच उंचीवर असलेले विमान आदळते. टेकडीच्या आडोशाचे शांत पाणी उतरायला सोयीचे वाटते, पण टेकडी ओलांडून येणारी हवा नेमकी तिथेच खाली कोसळते व भोवरे करते. त्यात खानदेशातला उन्हाळा: ४५ अंश तापमानाला हवेची घनता १५ अंशांच्या तुलनेत सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे उड्डाणासाठी पाण्यावर अधिक लांब धावावे लागते. शिवाय दुपारनंतर गडगडाटी ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर चहूकडे पसरते आणि तिची आघाडी पावसाच्या कितीतरी आधी जलाशयावर पोहोचते. पाण्यावरून सरकत येणारा काळपट, बारीक तरंगांचा पट्टा ही झपाट्याची ओळख.

विमानाच्या वजनापेक्षा फ्लोटची तरंगक्षमता ८० टक्क्यांनी जास्त ठेवलेली असते. त्यामुळे उलटलेले विमान सहसा लगेच बुडत नाही. फ्लोट वर आणि केबिन पाण्याखाली अशा अवस्थेत ते तरंगते. आसनाच्या पट्ट्याला उलटे लटकलेल्या प्रवाशाने आतच जीवरक्षक जॅकेट फुगवले, तर ते त्याला वर आलेल्या केबिनच्या तळाशी दाबून धरते आणि पाण्याखालच्या दारापर्यंत जाऊ देत नाही. दार गाठून बाहेर पडल्यावरच ते फुगवायचे, हे प्रवाशाला उड्डाणापूर्वी मराठीत आणि अहिराणीतही सांगितले गेले पाहिजे. खानदेशात अशी सेवा आणायचीच असेल, तर जलाशयाच्या काठावर वाऱ्याच्या सरासरीबरोबर प्रत्येक झपाटाही नोंदवणारे यंत्र किमान एक पूर्ण उन्हाळा आधी बसवावे.