ट्रॅव्हल नर्स वेगळी, फिरतीवरची नर्स वेगळी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जिवाजीगंजात एका ओळखीच्यांकडे गेले होते. वाण हातात ठेवता ठेवता तिथल्या काकू म्हणाल्या, "तुझी भाची अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स आहे म्हणे. आणि तीही मनोरुग्णांचीच! म्हणजे तू इथे करतेस तेच की, फक्त डॉलरमध्ये." सगळ्या हसल्या, मीही हसले. परतताना टेम्पोत बसल्यावर वाटलं, काकूंचं तरी काय चुकलं? आम्हा दोघींचं काम एका ओळीत सांगायचं तर ओळ एकच निघते: मानसिक आजाराच्या रुग्णांची नर्स, सतत प्रवासात, नोकरी मुदतीची. आमच्याकडे ग्वाल्हेरात या मुदतीच्या नोकरीला सगळे 'संविदा' म्हणतात, तिकडे कॉन्ट्रॅक्ट. ओळ एक असली तरी भाची गावं बदलत जाते आणि मी त्याच त्या गावांना परत परत जाते. बाकीचे सगळे फरक यातून निघतात.

आधी भाचीचं सांगते. तिकडे रुग्णालयात नर्स कमी पडल्या, कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेली, कुणी नोकरी सोडली, की रुग्णालय एजन्सीला कळवतं आणि एजन्सी बाहेरगावची नर्स धाडते. मुदत बहुधा १३ आठवड्यांची. बारा तासांची पाळी, आठवड्यातून तीन वेळा. मुदत वाढू शकते, आणि गरज संपली तर मध्येच रद्दही होते. नर्सचा परवाना राज्याराज्याचा असतो, पण चाळीसहून जास्त राज्यांनी आपसात करार केला आहे, त्यामुळे एका परवान्यावर तिथे कुठेही काम करता येतं. कॅलिफोर्निया त्या करारात नाही, तिथलं वेगळं काढावं लागतं.

राहण्याजेवणाचा भत्ता मिळतो. त्यावर कर लागत नाही, मात्र स्वतःचं कायमचं घर दुसरीकडे असावं लागतं आणि त्याचा खर्च चालू असावा लागतो. शिवाय एकाच भागात वर्षाहून जास्त राहिलं की ते काम 'तात्पुरतं' धरत नाहीत आणि सवलत जाते. म्हणजे तिथला करकायदाच तिला सांगतो की बाई, बूड टेकवू नकोस.

माझी फिरती निराळ्या मुळातून आली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा. ऐंशीच्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने बेल्लारी जिल्ह्यात करून पाहिलं की मानसिक आजाराचे उपचार तालुक्याच्या, गावच्या दवाखान्यापर्यंत नेता येतात. त्याच नमुन्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, नर्स आणि नोंदी ठेवणारा असा चमू ठरल्या दिवशी ठरल्या ठिकाणी जातो. ग्वाल्हेर जिल्ह्याचे ब्लॉक चार: मुरार, घाटीगाव, डबरा, भितरवार. माझा महिना या चार नावांत संपतो.

हा कार्यक्रम कशासाठी हवा होता ते ग्वाल्हेरकरांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे कुणी जरा विचित्र वागलं की "आगरा भेजो इसको" म्हणायची पद्धत. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला ज्या तीन मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवायला सांगितलं, ती रांची, आग्रा आणि आपल्या ग्वाल्हेरची. रुग्ण भिंतीआड गेला की घरच्यांची वाट मोडते, गावाची सवय मोडते. त्यापेक्षा नर्सने बसचे धक्के खाल्लेले परवडले.

आता प्रत्यक्ष हाताखालचं काम.

डबऱ्याचा कॅम्प, जानेवारी, सकाळचे साडेदहा, धुकं अजून हटलेलं नाही. माझ्या समोरच्या खोक्यात फ्लुफेनॅझिन या मनोविकारावरच्या औषधाच्या कुप्या आहेत. हे औषध तिळाच्या तेलात असतं, दोन ते चार आठवडे अंगात हळूहळू झिरपत राहतं. रोज गोळी घेणं ज्याला जमत नाही, किंवा जो जिभेखाली गोळी लपवतो, त्याच्यासाठी. ग्वाल्हेरच्या थंडीत तेल दाटतं, म्हणून कुपी आधी मुठीत धरून बसते. मग कमरेखालची कातडी एका बाजूला ओढून धरायची, सुई सरळ आत, अगदी सावकाश दाबायचं, दहापर्यंत मोजायचं, सुई काढायची आणि मगच कातडी सोडायची. कातडी सरकून वाट बंद होते आणि तेल आतच राहतं. चोळायचं नाही. दर वेळी कुणाची तरी आई चोळायला धावते आणि दर वेळी मी ओरडते. मुरैन्याहून गजक, म्हणजे तिळाची मिठाई, विकायला येणारा एक रुग्ण तर म्हणतो, "दीदी, तिल हम भी बेचते हैं, पर हमारा मीठा है."

सुई टोचणं भाचीलाही येतं, माझ्याहून सफाईने. पण सुईनंतर मी कार्डावर पुढची तारीख लिहिते आणि त्या तारखेला पुन्हा मीच तिथे बसलेली असते. माझं निम्मं काम ती तारीख आहे. कुणी आलं नाही की आशा कार्यकर्तीला फोन, तिने सांगितलं "घर पे ही है, आता नहीं" की पुढच्या फेरीत घरी जाऊन धडकणं. भाचीच्या वॉर्डात रुग्ण थोडे दिवस असतो. तो सुटला की त्याचं पुढे काय झालं हे तिला सहसा कळत नाही, कारण तोवर तिचंही गाव बदललेलं असतं.

नेहमीच्या ओळखीचा उपयोग कसा होतो, त्याचं एक उदाहरण. डबऱ्याकडचा एक तरुण, घरी धानाची शेती. रांगेत उभा होता पण पाय जागेवर ठरत नव्हते, एकसारखी कवायत. आई म्हणाली, "रात भर चलता है, बीमारी फिर चढ़ गई, सुई बढ़ा दो." नवख्या माणसाला हे पटेल. पण महिन्यापूर्वी हाच मुलगा त्याच बाकड्यावर तासभर शांत बसून शेंगा सोलताना मी पाहिला होता, आणि मधल्या काळात त्याची सुईची मात्रा वाढली होती. त्याला विचारलं, मनात भीती आहे की पायांत? म्हणाला, "पैरों में." हा आजार नव्हता, औषधाचाच त्रास होता. त्याला अ‍ॅकॅथिसिया म्हणतात: आतून अशी काही चुळबुळ की बसवतच नाही. इथे मात्रा वाढवली असती तर आगीत तेल. डॉक्टरांनी ती कमी केली आणि प्रोप्रॅनोलॉल दिलं. पुढच्या महिन्यात तो बाकड्यावर बसला.

हे मी मोठ्या ऐटीत भाचीला सांगितलं. तिचं उत्तर: "मावशी, याचं आमच्याकडे स्केल आहे. बसलेला असताना बघायचं, उभा असताना बघायचं, विचारायचं, आकडा टाकायचा. मला तो मागच्या महिन्यात कसा होता ते माहीत असायची गरज नाही." खरं आहे. तिला ओळखीचा आधार कधीच मिळत नाही, म्हणून तिचं सगळं कौशल्य पहिल्या भेटीतच कामाला लागतं. नव्या रुग्णालयात एकदोन पाळ्या काम समजावून देतात, मग सगळं तिच्यावर. आत शिरताच ती दारं बघते. कुठे दोरी अडकवता येईल असा खुंटा आहे, न्हाणीघरातला पडदा ओढला की निघतो का, कुणाच्या बुटाला नाडी राहिली का. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक रुग्ण डोळ्यांनी पाहून खूण करायची, झोपला असेल तर श्वास चालू आहे ना ते बघायचं. कुलूपबंद वॉर्ड, गळ्यात बिल्ला, खिशात धोक्याचं बटण. सगळीकडे ती नवी, त्यामुळे अवघड रुग्ण पहिल्या दिवशी तिच्याच वाट्याला येतात, अशी तिची तक्रार. मला वाटतं त्यात तथ्य असावं. सासरी नवी सून आली की पहाटेचं पाणी तिनेच भरायचं, तसं.

आणि ओळखीचा तोटाही असतो. तो मी स्वतः भोगला आहे. भितरवारकडची एक बाई, लिथियम या मनाचे चढउतार सावरणाऱ्या औषधावर, कित्येक वर्षं व्यवस्थित. हात थोडे थरथरायचे, ते लिथियमने होतंच. एका मे महिन्यात ती आली, बाहेर ४५ अंश. हात थरथरत होते. मी म्हटलं, नेहमीचंच. त्या दिवशी माझ्या मदतीला एक नवीन मुलगी होती. तिने बाईला ग्लास उचलायला सांगितलं, आणि ग्लासातलं निम्मं पाणी सांडलं. पाय लटपटत होते, चार दिवस जुलाब चालू होते आणि घरच्यांनी ते सांगितलंच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान ठेवतात. घाम आणि जुलाबाने अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की ती चढते आणि विष होते. ब्लॉकच्या ठिकाणी ती तपासणी होत नव्हती. गोळी जागीच बंद केली आणि बाईला गाडीत घालून शहरात आणलं. ती वाचली. तेव्हापासून उन्हाळ्यात लिथियमवाल्या प्रत्येकाच्या हातात मी पाण्याचा ग्लास देते. पाहिलं पाहिलं असं वाटतं तेच माणूस पाहत नाही.

बांधून ठेवणं या एका गोष्टीतही दोघींचे अनुभव समोरासमोर ठेवण्यासारखे आहेत. तिच्या वॉर्डात रुग्ण अंगावर धावून आला आणि बाकी सगळं हरलं तर पट्ट्यांनी बांधतात. पण डॉक्टरचा लेखी हुकूम लागतो, मोठ्या माणसासाठी तो चार तासांपुरता, पुढे चालवायचं तर नव्याने. कुणीतरी सतत लक्ष ठेवतं, कारणासकट सगळं कागदावर येतं. मला बांधलेलं माणूस भेटतं ते गोठ्याच्या खांबाला, पायात साखळी, आणि कागद कसलाच नाही. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला कोणत्याही प्रकारे बंदी केली आहे. २००१च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या आश्रमात आग लागली तेव्हा साखळदंडात अडकलेली २८ माणसं पळू न शकल्याने जळून गेली. हे सगळं मला पाठ आहे, पण गोठ्यात उभं राहून कलम वाचून दाखवलं तर पुढच्या फेरीला दार उघडणार नाही. म्हणून मी आधी चहा घेते. किल्ली कुणाकडे असते विचारते. रात्री कोण जागतं विचारते. बहुतेक वेळा त्या साखळीमागे दोन वर्षं न झोपलेली आई निघते. मग डॉक्टरला तिथे आणायचं, औषध सुरू करायचं, आणि आधी दिवसा तासभर साखळी सोडायची, मग संध्याकाळपर्यंत, मग कायमची किल्ली काढून घ्यायची. एका घरी याला पाच फेऱ्या लागल्या. तेरा आठवड्यांत पाच फेऱ्या बसल्या नसत्या.

पगाराचं काकू बोलल्या ते खरंच आहे, त्यावर मी काय लिहू? भाचीचा आठवड्याचा पगार ऐकून मी विषय बदलते. माझी संविदा मार्च आला की पुढे सरकेल का, हा प्रश्न दरवर्षी तोच. पण संविदा पुढे सरकली की गावं तीच मिळतात, एवढं आहे.

इथल्या नर्सिंगच्या मुली मला विचारतात, "मॅडम, ट्रॅव्हल नर्स कसं व्हायचं?" त्यांना थोडक्यात: इथून थेट होता येत नाही म्हणा. एनसीएलेक्स, म्हणजे तिकडची नर्सच्या परवान्यासाठीची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, राज्याचा परवाना, व्हिसा. बहुतेक जणी आधी एखाद्या रुग्णालयाच्या बोलावण्यावर जातात, तिथे करारापुरती दोनतीन वर्षं काढतात आणि मगच एजन्सीकडे वळतात. मनोरुग्णांचा वॉर्ड हवा असेल तर इथेच मनोरुग्णांच्या नर्सिंगचा वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करून ठेवा. तो तिकडे गेला नाहीत तरी वाया जात नाही.

काकूंना मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या कामाची अमेरिकेतली खरी जोड ट्रॅव्हल नर्स नव्हेच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी एका सरकारी मनोरुग्णालयाच्या लोकांनी असं ठरवलं की वॉर्डातली माणसं, म्हणजे डॉक्टर, नर्स, समाजसेवक, उचलून रुग्णाच्या घरी न्यायची आणि सोडायचं नाही. त्याला ते एसीटी (असर्टिव्ह कम्युनिटी ट्रीटमेंट) टीम म्हणतात. नर्स रुग्णाच्या खोलीवर जाते, सुई देते, फ्रीज उघडून बघते काही खाल्लं का, घरमालकाशी भांडते. भाचीने हे ऐकलेलं होतं, पण त्यात काम केलेलं नव्हतं. परवा फोनवर म्हणाली की तिच्या आताच्या शहरात अशा टीममध्ये जागा निघाली आहे.

"मग भर ना अर्ज," मी म्हटलं. "पण तिथे वर्ष दोन वर्षं तेच रुग्ण आणि तेच गाव. जमेल?"

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या त्या गजकवाल्याची पुढची तारीख कधी आहे गं?"

"मंगळवारी," मी सांगितलं.